शब्दांचा गोतावळा: प्रगत इंग्रजी शब्दसंग्रहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचं इंग्रजी कुठे अडत नाही, पण फुलतही नाही, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. वाचलेलं समजतं, लिहिलेलं पोचतं. तरी प्रत्येक चांगली गोष्ट 'गुड', प्रत्येक वाईट गोष्ट 'बॅड' आणि प्रत्येक राग 'अँग्री' एवढ्यावरच थांबतो. इंग्रजी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. आवडलेल्या शब्दाचं स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत स्वतःच्या हाताने लिहा. त्या निमित्ताने शब्दाची एक उजळणीही होते.

गटाने शब्द शिकायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

आपल्याच भाषेतलं उदाहरण घेऊ. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार हे शब्द आपण सुटे सुटे पाठ केलेले नाहीत. 'हार' तोच राहतो, आधीचा उपसर्ग बदलतो आणि अर्थ कुठल्या कुठे जातो. इंग्रजीत 'स्पेक्ट' हा तुकडा असाच आहे. त्याचा अर्थ पाहणं. 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत शिरून पाहणं, 'रेट्रोस्पेक्ट' म्हणजे मागे वळून पाहणं, 'इन्ट्रोस्पेक्शन' म्हणजे स्वतःच्या मनात पाहणं, आणि 'सर्कम्स्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहून मगच पाऊल टाकणारा, सावध माणूस.

ही झाली रक्ताची नाती. दुसरं नातं शेजारपणाचं असतं: कूळ वेगळं, पण अर्थ भिंतीला भिंत लागून. 'फ्रूगल' आणि 'थ्रिफ्टी' हे असे शेजारी. तिसरा गट एका प्रसंगात भेटणाऱ्या शब्दांचा. खटल्याचं दृश्य डोळ्यांपुढे आणलं की 'टेस्टिमनी' म्हणजे साक्ष, 'पर्जरी' म्हणजे शपथेवर खोटं बोलणं, 'अ‍ॅलिबाय' म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा बचाव, 'अक्विट' म्हणजे निर्दोष सोडणं, हे सगळे तिथे हजर असतात. चौथा गट फक्त दिसण्यातल्या साम्याचा, आणि तो फसवा असतो.

या चारही गटांना एकच पद्धत लावली की घोळ होतो. पुढची बरीच उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

वर्णानुक्रमाने लावलेली मोठी यादी पाठ केली तर काय बिघडतं?

'अबेट', 'अबेरंट', 'अबेयन्स', 'अब्जुअर' हे शब्द यादीत एकाखाली एक येतात, कारण त्यांची पहिली दोन अक्षरं सारखी आहेत. त्यापलीकडे त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक आठवला म्हणून दुसरा आठवत नाही. असे शब्द परीक्षेच्या आदल्या रात्री डोक्यात असतात आणि पंधरा दिवसांनी नसतात.

कल्पनांनुसार शब्द लावायचा मोठा प्रयत्न पीटर मार्क रॉजे या ब्रिटिश डॉक्टरने केला. १८५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या थिसॉरसमध्ये शब्द अर्थाप्रमाणे सुमारे हजार गटांत मांडलेले होते. पण एक गोष्ट विसरली जाते. ज्याला शब्द आधीपासून माहीत आहेत, पण ऐन वेळी नेमका शब्द सुचत नाही, त्याच्यासाठी ते साधन होतं. नवशिक्याने थिसॉरस उघडून पहिला दिसेल तो शब्द उचलला, तर हमखास चुकीच्या जागी चुकीचा शब्द पडतो.

मी एकाच अर्थाचे दहा शब्द एका बैठकीत शिकलो. आता दहाही एकमेकांत मिसळले आहेत. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?

नाही. पद्धतच तशी आहे. आणि गटाने शब्द शिकवणारे बरेच जण नेमकं हेच करायला सांगतात, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शिकणाऱ्यांना अगदी नवे, बनावट शब्द अर्थासकट शिकायला दिले होते. एका संचात शर्ट, जॅकेट, स्वेटर अशा एकाच जातीच्या गोष्टी होत्या आणि दुसऱ्या संचात एकमेकांशी संबंध नसलेल्या. एका जातीचा संच शिकायला लोकांना जास्त प्रयत्न करावे लागले. कारण समजण्यासारखं आहे. दोन्ही शब्द नवे, दोन्ही अर्थ जवळजवळचे, त्यामुळे कोणता शब्द कोणत्या अर्थाचा हे मेंदूला पक्कं धरता येत नाही. एकाच दिवशी जुळ्या भावंडांची ओळख करून दिली तर नावांची अदलाबदल होणारच.

टिंकहॅम यांच्या १९९७ च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. बेडूक, तळं, उडी, हिरवा असे एका प्रसंगात बसणारे शब्द मात्र एकत्र शिकायला सोपे गेले. तिथे प्रत्येक शब्दाची जागा वेगळी असते: एक प्राणी, एक ठिकाण, एक क्रिया, एक रंग. दृश्य एकच, पण कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. एका प्रसंगाचे नवे शब्द खुशाल एकत्र शिका. एका मुळाचे शब्दही एकत्र चालतात, कारण उपसर्ग त्यांना वेगळं ठेवतो. समानार्थी शब्द मात्र एक एक करून. आधी एक शब्द इतका मुरू द्या की तो वाचताना थांबावं लागत नाही. तो झाला गटाचा खुंटा. मग आठवड्याने दुसरा शब्द त्याच्या शेजारी आणून बांधा, आणि बांधतानाच विचारा, याच्यात आणि त्याच्यात फरक काय? तिसरा आणखी काही दिवसांनी. गट तयार मिळवण्यापेक्षा असा हळूहळू वाढवलेला गट कितीतरी पक्का राहतो.

समानार्थी शब्द खरंच समान असतात का?

जवळजवळ कधीच नाही, आणि प्रगत शब्दसंग्रहातली सगळी गोडी या फरकात आहे.

मराठीत आपण सडपातळ, किडकिडीत, हडकुळा आणि खंगलेला यांची सरमिसळ करत नाही. मुलीला सडपातळ म्हटलं तर ती खूश होईल, हडकुळी म्हटलं तर बोलणं सोडेल. इंग्रजीतही 'स्लेंडर' हे कौतुक, 'स्किनी' म्हणजे किडकिडीत, 'स्क्रॉनी' म्हणजे हडकुळा. 'गॉन्ट' मध्ये गालफडं बसलेली दिसतात; दुखणं, उपासमार किंवा काळजी चेहऱ्यावर उमटलेली असते. 'इमेसिएटेड' म्हणजे खंगून हाडांचा सापळा झालेला. यांपैकी प्रत्येक शब्दापुढे फक्त 'बारीक' एवढंच लिहिलं, तर पाच शब्द शिकूनही हाती एकच लागतो.

खर्चाचंही तसंच. 'थ्रिफ्टी' म्हणजे काटकसरी, पैसा जपून वापरणारा. 'फ्रूगल' साध्या, कमी गरजांच्या राहणीकडे झुकतो. 'पार्सिमोनियस' मध्ये हात आखडलेला आहे, 'स्टिंजी' म्हणजे सरळसरळ चिक्कू आणि 'मायझर्ली' म्हणजे कवडीचुंबक. वागणं कदाचित एकच असेल. बोलणारा त्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, ते शब्द सांगतो. हा फरक तपासायचा माझा आवडता प्रश्न आहे: हा शब्द कुणी माझ्याबद्दल वापरला तर मला आवडेल का?

रागाच्या गटात फरक नजरेचा कमी आणि कारणाचा जास्त असतो. 'एक्झास्परेटेड' माणूस तेच ते पुन्हा पुन्हा सोसून टेकीला आलेला असतो. 'इन्डिग्नंट' माणूस अन्याय झाला म्हणून चिडलेला असतो; त्याच्या रागाला आपण बरोबर असल्याची धार असते. आणि 'लिव्हिड' म्हणजे संतापाची परिसीमा. या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या निळसर, शिशासारख्या रंगात आहे, मार लागल्यावर उमटतो तो रंग. आपण 'रागाने काळानिळा झाला' म्हणतो ते इथे तंतोतंत बसतं. असा मराठी वाक्प्रचार सापडला की शब्द कायमचा आपला होतो.

मूळ आणि उपसर्ग शिकण्यासाठी लॅटिन किंवा ग्रीक शिकावं लागेल का?

अजिबात नाही. पंचवीस-तीस मुळं पुरेशी आहेत, आणि तीही यादी म्हणून पाठ करू नका. एक मूळ घ्या आणि त्याचं कुटुंब पाहा.

'ग्रेग' म्हणजे कळप. 'ग्रिगेरियस' म्हणजे माणसांत रमणारा. 'कॉन्ग्रिगेट' म्हणजे एकत्र जमणं, 'सेग्रिगेट' म्हणजे कळपातून वेगळं काढणं. आता 'इग्रीजियस' बघा: कळपाच्या बाहेर उठून दिसणारा. पूर्वी हा शब्द असामान्य, उत्तम अशा अर्थाने वापरत. काळाच्या ओघात तो उलटला आणि आज 'इग्रीजियस' चूक म्हणजे कुणालाही दिसावी अशी ढळढळीत चूक. उठून दिसणं तेच राहिलं, कारण बदललं. ही गोष्ट एकदा ऐकली की शब्द विसरत नाही.

'लोक्व' म्हणजे बोलणं. 'लोक्वेशस' बडबड्या, 'एलोक्वंट' वक्तृत्व असलेला, 'कलोक्वियल' बोलीतला, 'सलिलोक्वी' स्वगत, 'सर्कम्लोक्यूशन' मुद्दा टाळून आडवळणाने बोलणं. शब्दभ्रमकाराला 'व्हेन्ट्रिलोक्विस्ट' म्हणतात. शब्दशः अर्थ पोटातून बोलणारा. सुरुवात करायला हे कुटुंब फार चांगलं आहे, कारण प्रत्येक शब्दासाठी तुमच्या ओळखीत एखादा माणूस असतोच.

मराठी येतं, संस्कृत शब्द कानांवर असतात, याचा इंग्रजीला काही उपयोग होतो का?

होतो, आणि तो फारसा कुणी करून घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही. त्या एखाद्या समान मुळातून निघाल्या असाव्यात. प्रगत इंग्रजीचे बरेच शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले आहेत. त्यामुळे त्यांची चुलत भावंडं आपल्या घरात आधीपासून आहेत.

'श्रद्धा' घ्या. लॅटिनमधलं 'क्रेडो', म्हणजे मी विश्वास ठेवतो, हे तिचंच नातलग. मग 'क्रेडिबल' म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा, 'क्रेड्युलस' म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा भोळसट, 'इन्क्रेड्युलस' म्हणजे ऐकलेल्यावर विश्वासच बसत नाही असा. 'ज्ञा' धातूचं नातं 'कॉग्निशन', 'डायग्नोसिस', 'अ‍ॅग्नॉस्टिक', 'इन्कॉग्निटो' यांच्याशी आहे. सगळीकडे जाणणं किंवा न जाणणं आहे. 'वाच्' आणि लॅटिन 'व्हॉक्स' एकाच घरचे. त्यातून 'व्होसिफरस' म्हणजे आरडाओरडा करणारा, आणि 'इक्विव्होकल' म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आवाज देणारं, म्हणून संदिग्ध. 'मृ' पासून मृत्यू; तिकडे 'मॉर्टल' आणि 'मॉरिबंड', म्हणजे मरणपंथाला लागलेला.

मला सर्वांत आवडतो 'सब्जुगेट'. 'सब' म्हणजे खाली आणि 'जुगम' म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. मराठीतलं 'जू', संस्कृतातलं 'युग' आणि इंग्रजीतलं 'योक' हे सगळे एका मुळाचे. एखाद्या प्रदेशाला 'सब्जुगेट' करणं म्हणजे त्याच्या मानेवर जू ठेवणं.

इथे दोन पथ्यं पाळा. एक, हे शब्द संस्कृतातून इंग्रजीत गेले असं समजू नका. या बहिणी आहेत, आई-मुलगी नाहीत. दोन, कानाला सारखं वाटलं म्हणून नातं जोडू नका. 'देव' आणि लॅटिन 'देउस' खरेच नातलग, त्यातून 'डीइटी' आला. पण ग्रीक 'थिऑस', ज्यातून 'थिऑलॉजी' आणि 'एथिइस्ट' आले, तो अर्थाने तोच आणि ऐकायला जवळचा असूनही वेगळ्या कुळातला आहे. खात्री करायची तर व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडा.

मुळावरून काढलेला अर्थ नेहमी बरोबर निघतो का?

नाही. मूळ हा अंदाज असतो, निकाल नसतो.

'एनर्व्हेट' मध्ये 'एनर्जी' ऐकू येते, म्हणून पुष्कळ जण तो उत्साह देणं या अर्थाने वापरतात. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा आहे: शक्ती काढून घेणं, गळाठून टाकणं. 'नॉइसम' चा 'नॉइज'शी संबंध नाही. तो 'अनॉय'च्या घरचा आहे आणि त्याचा अर्थ किळसवाणा, बहुधा वासाने. मी स्वतः कित्येक वर्षं तो गोंगाटाचा शब्द समजून वाचत होते, आणि वाक्याचा अर्थ थोडा विचित्र लागला तरी पुढे जात होते. 'रेस्टिव्ह' म्हणजे विश्रांती घेणारा नाही, उलट चुळबुळ करणारा, आवरेनासा झालेला. 'इन्फ्लेमेबल' मधला 'इन' नकार देत नाही. पेट घेणारा असाच त्याचा अर्थ, त्यामुळे इथली चूक जिवावर बेतू शकते.

कधी दोन वेगळी मुळं एकसारखी दिसतात. लॅटिन 'पेड' म्हणजे पाय: 'पेडेस्ट्रियन' पायी चालणारा, 'इम्पीड' म्हणजे पायांत अडथळा आणणं, 'एक्स्पिडाइट' म्हणजे पाय मोकळे करणं, म्हणून काम लवकर पुढे नेणं. पण 'पीडिअ‍ॅट्रिक्स' आणि 'पेडॅगॉजी' मध्ये ग्रीकमधलं मूल आहे, पाय नाही.

अर्थ मराठीत लिहून ठेवू की इंग्रजीत?

नेमका मराठी शब्द सापडला तर मराठीत. 'विस्टफुल' पुढे 'उदास' लिहिण्यात काही हशील नाही. 'हुरहुर लागलेला' लिहिलं तर तुम्ही शब्दाच्या फार जवळ गेलात. एका शब्दात काम होत नसेल तर मराठीत अख्खं वाक्य लिहा. इंग्रजी व्याख्या इंग्रजीतच उतरवून काढणाऱ्या वह्या मी पाहिल्या आहेत. सुंदर असतात, पण महिन्याने त्या लिहिणाऱ्यालाच परक्या वाटतात.

काही गटांत मात्र दोन भाषांची घडणच वेगळी आहे हे आधी ओळखावं लागतं. चालण्याचे शब्द पाहा. मराठीत क्रियापद 'चालणे' तेच राहतं आणि रीत बाहेरून येते: रमतगमत, ढांगा टाकत, पाय ओढत, छाती काढून, चवड्यांवर. इंग्रजी ही रीत क्रियापदाच्या पोटातच घालते: 'स्ट्रोल', 'स्ट्राइड', 'ट्रज', 'स्ट्रट', 'टिपटो'. म्हणून आपल्या इंग्रजीत 'वॉक' आणि त्यामागे 'स्लोली', 'प्राउडली' अशी शेपूट लागते. पाहणं, बोलणं, हसणं, रडणं या गटांतही हेच होतं. या गटाचा सराव उलट्या बाजूने करा: आधी रमतगमत, तरातरा अशी मराठी रीत लिहा आणि मग ती कोणत्या इंग्रजी क्रियापदात सामावते ते शोधा.

एकाच गोष्टीला इंग्रजीत तीन-तीन शब्द कशाला?

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. पुढे कित्येक पिढ्या राज्यकारभार आणि दरबार यांची भाषा फ्रेंच राहिली, आणि विद्येची, धर्माची भाषा लॅटिन होतीच. सामान्य लोक आपलं जुनं इंग्रजी बोलत राहिले. तिन्ही थर एकावर एक साचले. 'आस्क' घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इन्टेरोगेट' लॅटिनचा. तसेच 'किंग्ली', 'रॉयल', 'रीगल', किंवा 'राइज', 'माउंट', 'असेंड'.

थर जसा वर जातो तसा शब्द औपचारिक होत जातो. पाणी पिणं आणि जलप्राशन करणं यांत जो फरक, तोच इथे. मित्राला 'इन्टेरोगेट' केलंत तर तो वकील शोधेल.

शब्दाचा अर्थ बरोबर असूनही वाक्य खटकतं, असं का?

कारण शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, लालभडक, हिरवागार, पिवळाधमक. 'पांढराकुट्ट' का म्हणत नाहीत, याला कारण देता येत नाही, पण कान लगेच सांगतो. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा विचार जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडला, आणि शब्दसंग्रह वाढवणाऱ्याने तो रोज लक्षात ठेवावा.

कमी करणं, शमवणं या गटात हे छान दिसतं. मराठीत तहान भागते, राग निवळतो, शंका फिटते, वेदना शमते. इंग्रजीत तहान 'क्वेंच' होते, चिडलेल्या माणसाला 'प्लेकेट' करतात, भीती किंवा शंका 'अले' करतात, वेदना आणि दारिद्र्य 'अलीव्हिएट' होतं, धोका किंवा नुकसान 'मिटिगेट' होतं. म्हणून वहीत शब्द एकटा लिहू नका. त्याच्याबरोबर त्याचं नाम किंवा क्रियापद लिहा.

दिसायला सारखे शब्द कसे वेगळे ठेवायचे?

एकत्र शिकूच नका. जोडीतला एक पक्का होऊ द्या, दुसरा नंतर. 'इन्जीनिअस' म्हणजे कल्पक, 'इन्जेन्युअस' म्हणजे निष्कपट, भाबडा. 'ज्युडिशियल' म्हणजे न्यायालयीन, 'ज्युडिशस' म्हणजे विवेकाने केलेला. 'डिसइन्टरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, 'अनइन्टरेस्टेड' म्हणजे ज्याला रसच नाही असा. पंच पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा नको. 'कॉम्प्लिमेंट' चे तर दोन शब्द कानाला एकच आहेत. 'एल' नंतर 'ई' असलेला पूरक या अर्थाचा, कारण 'कम्प्लीट' मध्येही तिथे 'ई' आहे.

किती शब्द आले म्हणजे पुरे?

मोजायचेच असतील तर शब्दकुटुंबं मोजा. 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'इनडिसायसिव्ह' हे एक कुटुंब. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायला सुमारे ८,००० ते ९,००० कुटुंबं लागतात. तेव्हा मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असतात, म्हणजे पन्नासात एक अनोळखी. आकडा मोठा वाटतो, पण तुमच्याकडे त्यातली बरीच कुटुंबं आधीच आहेत.

उच्च शिक्षणासाठी वाचन करायचं असेल तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली यादी पाहा. ५७० कुटुंबांची आहे आणि शैक्षणिक लेखनातले सुमारे १० टक्के शब्द त्यात येतात. इतक्या थोड्या शब्दांत एवढा पल्ला दुसरीकडे मिळणं कठीण.

कुटुंबातल्या शब्दांचे उच्चार बदलतात का?

बदलतात. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या पहिल्या उच्चारी तुकड्यावर, 'फोटोग्राफी' मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्यावर. जोर सरकला की स्वरही बदलतात. शब्दकोशातला ध्वनी प्रत्येक रूपासाठी वेगळा ऐका.

उजळणी किती वेळा? वही बरी की अ‍ॅप?

विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात कप्प्यांच्या पेटीची युक्ती लोकप्रिय केली. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ: आठवलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा समोर येतं, विसरलेलं पहिल्या कप्प्यात परत येतं. आजची बहुतेक कार्डांची अ‍ॅप याच कल्पनेवर चालतात.

अ‍ॅप आठवण करून देण्यात सरस आहे, गट वाढवण्यात नाही. कार्डावर एक शब्द सुटा येतो, शेजारी दिसत नाहीत. माझा सल्ला: गट वहीत वाढवा, अ‍ॅपमध्ये फक्त पक्के करा. आणि कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्दाऐवजी मोकळी जागा सोडलेलं वाक्य लिहा.

वाचताना शब्द ओळखतो, पण बोलताना सुचत नाही. उपाय?

ओळखणं आणि वापरणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, आणि पहिलं नेहमी दुसऱ्याच्या पुढे असतं. सगळेच शब्द बोलण्यात यायला हवेत असंही नाही. आठवड्याला दोन शब्द निवडा आणि ते खऱ्या मजकुरात, पत्रात, नोंदीत, संभाषणात वापरा. काल घडलेली एखादी घटना चार वाक्यांत लिहा आणि मग त्यातला सर्वांत ढोबळ शब्द बदला. 'व्हेरी' ज्या शब्दाच्या आधी आला असेल, तिथे बहुधा एक नेमका शब्द तुमची वाट पाहत असतो: 'व्हेरी टायर्ड' ऐवजी 'एक्झॉस्टेड', 'व्हेरी टॉकेटिव्ह' ऐवजी 'लोक्वेशस'.

परीक्षेला महिनाच उरलाय. आता गट कसले?

तरीही गटच, पण लहान. परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरई या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसंबंधांचे सुटे प्रश्न २०११ मध्येच गेले. आता रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडायला लावतात. म्हणजे परीक्षाही शब्दांचं शेजारपणच तपासते. आधी अर्धवट माहीत असलेले शब्द पक्के करा. पूर्ण नवे शब्द महिन्यात फारसे हाती लागत नाहीत.

सुरुवात नेमकी कुठून करू?

या आठवड्यात वाचनात भेटलेल्या एका शब्दापासून. समजा 'रिलक्टंट' भेटला. वहीचं नवं पान घ्या, मधोमध तो शब्द आणि ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहा. खाली मराठीत: नाखूष, मन घेत नाही असा. पहिल्या दिवशी एवढंच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूळ पाहा. लॅटिनमध्ये 'लुक्तारी' म्हणजे कुस्ती करणं, झगडणं. 'रिलक्टंट' माणूस आतून झगडत असतो. याच मुळाचा 'इनइलक्टेबल' पानाच्या वरच्या बाजूला लिहा: ज्याच्याशी झगडून सुटका नाही, अटळ. पुढच्या आठवड्यात डावीकडे 'हेझिटंट' आणा आणि फरक एका ओळीत लिहा: 'हेझिटंट' माणसाचं ठरत नसतं, 'रिलक्टंट' माणसाला ते करायचं नसतं. त्यानंतर उजवीकडे 'अव्हर्स', तोंड फिरवलेला. त्याच्यासोबत 'रिस्क' हा त्याचा नेहमीचा सोबती लिहायला विसरू नका.

खालचा कोपरा 'रेटिसंट' साठी मोकळा ठेवा. त्याचा अर्थ मितभाषी, मनातलं बोलून न दाखवणारा, पण लोक तो 'रिलक्टंट' च्या जागी सर्रास वापरतात. तो शब्द तुम्हाला प्रत्यक्ष वाचनात भेटेल, त्या दिवशी त्याच्या वाक्यासकट तिथे लिहा.